भूक चालू केली तेव्हा

४ मार्च
पोहोचलो एकदाचे दवाखान्यात! कोर्दोबा शहर मागे पडलं, डोंगर लागले आणि मला चक्क सहलीला निघाल्यासारखं वाटलं. अल्बा माझी धाकटी बहीण, पण आता माझी आईच झाली आहे. सोळाव्या वर्षी मी जेवण टाकलं, आता चाळिशी उलटली. इस्पितळं, नळ्या, शपथा, सगळं करून झालं. हा शेवटचा उपाय: मेंदूत दोन बारीक तारा, छातीत कातडीखाली बॅटरी, आणि तिच्यातून सोडलेली वीज. डॉक्टर लानफ्रांको म्हणाले, तुमच्या डोक्यात कुणीतरी सारखं ‘नको’ म्हणतंय, त्याला आपण गप्प करू. मला सोडून परत निघताना अल्बाने टोमणा मारलाच: काडे, वारा सुटला की खिडकी लावून घे, उडून जाशील. खूप हसलो. खोलीतून अक्रोडाची झाडं दिसतात.

११ मार्च
शस्त्रक्रिया झाली. डोकं भादरलंय. कवटीला भोकं पाडली तेव्हा मी जागी होते. दुखलं नाही, पण गिरमिटाची घरघर दातांत उतरली. वीज अजून सोडलेली नाही.
शेजारच्या खोलीत आम्पारो आहे. तिच्यावर हाच उपचार माझ्याआधी झाला. गाल छान भरलेत. मी हात पुढे केला तर तिने आपले बँडेज बांधलेले हात पाठीमागे लपवले. नर्स ओफेलिया म्हणाली, काही नाही हो, दारात बोटं चेंगरली तिची.

१८ मार्च
आज वीज सुरू झाली. डॉक्टरांनी तळहाताएवढ्या यंत्राचं बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग स्वयंपाकघरातून काहीतरी खमंग भाजल्याचा वास आला आणि तोंडाला पाणी सुटलं. माझ्या! स्वयंपाकीण एउसेबियाने गरम खिम्याची करंजी हातावर ठेवली. मी ती अख्खी खाल्ली आणि रडत बसले. ती म्हणाली, पोरी, रडू नकोस त्यात, मीठ मी बेताचं घातलंय. आणि स्वतःच एप्रनने डोळे पुसू लागली.

२५ मार्च
वीज वाढवली. पोट भरतं, भूक भागत नाही. उलटी होते, तरी हात ताटाकडेच जातो. मी विनवलं, कमी करा. डॉक्टर हसले. म्हणाले, जन्मभर ‘नको’ म्हणालात, आता ‘हो’ म्हणायला शिका जरा. आणि पुन्हा वाढवली.
सकाळी उशी रक्ताने भिजलेली. झोपेत खालचा ओठ चावून तोडला होता. भीती त्याची नाही. तो गोड लागला.

२९ मार्च
न्याहारीला एउसेबिया दूध ओतायला वाकली. आम्पारोने तिचे केस धरले आणि मानेत दात रोवले. ओफेलियाने तिच्या पाठीत खुर्ची मोडली, तरी सोडलं नाही. बँडेजं सुटली — बोटं अर्धी खाल्लेली — दारबिर काही नव्हतं. डॉक्टर बटणं दाबत होते. आम्पारो आणखी जोराने फाडत होती.
एउसेबिया फरशीवर गेली. दूध लाल झालं.
आम्पारोला कोंडलंय. ओफेलिया पोलिसांना आणायला खाली गावात धावत गेली.
मी मदतीला गेले नाही. मी उभी राहून वास घेत होते.

३० मार्च
पोलीस आले नाहीत, ओफेलियाही परतली नाही. डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, यंत्र हातात. म्हणाले, घाबरू नका, तुमची वीज नीट करतो. अंगठा बटणावर होता — माझ्या तोंडाजवळ —
तो अंगठा गेला. मग गळा. ते त्यांच्या खोलीत पडलेत, हलत नाहीत. यंत्र पायाखाली फुटलं. वीज चालूच.
बॅटरी कापून काढायला सुरी घेतली. छाती चिरली. मग सुरीच चाटत बसले.

३१ मार्च
आज अल्बा येणार. फोन उचलत नाही — गाडी चालवत असेल. चादरीने स्वतःला पलंगाला बांधलंय. दोन्ही पाय, उजवा हात. गाठी दातांनी आवळल्या. डावा मोकळा, लिहायला, मी डावखुरीच —

गाडी थांबली.

ओरडले — येऊ नकोस, परत जा —
ती आत आली. रडतेय. कुठल्या राक्षसाने बांधलं गं तुला म्हणते. सोडू नकोस म्हटलं. गप्प बस म्हणते. वाकलीय — गाठ सोडतेय —
मान इथेच — उबदार —
हात सुटला. अल्बा, मागे ह