काल झोपलात का?

२ मार्च
आलो एकदाचे! घर टुमदार आहे. बैठकीच्या खिडकीला जाड निळा पडदा, स्वयंपाकघराला मागचं दार. आमच्या लेकीने, ठमीने रिकाम्या पलंगावर उड्या मारून त्याची परीक्षा घेतली. प्रवासाचा शीण कुणालाच नाही. बायको म्हणाली, सामान मी लावते, तुम्ही भाषण करत बसा. उद्यापासून मी स्वप्नन्यायालयात सरकारी वकील! माणसांच्या स्वप्नांत वसलेली जगं ठेवायची की पुसायची, हे तिथे ठरतं. खोट्याला मोडून काढण्याहून पवित्र काम कोणतं?

३ मार्च
पहिलाच खटला जिंकलो. कुणा आजाऱ्याच्या स्वप्नातलं समुद्राकाठचं गाव. साक्षीला तिथली शिंपीण. बचावाचे म्हातारे वकील विनवत होते, हिला मुलं आहेत, हिलाही दुखतं-खुपतं. मी एवढंच विचारलं: बाई, काल झोपलात का? ती गोंधळली. झोप म्हणजे काय, तेच तिला सांगता येईना. मी कडाडलो: स्वप्नातल्या माणसाला झोप येत नाही! ज्याला झोप नाही त्याला जीव नाही, आणि जीव नाही त्याच्यासाठी अश्रू कसले! टाळ्यांनी सभागृह दणाणलं. रिवाजाप्रमाणे पट्टेवाल्याने न्यायासनामागचा पडदा सारला. त्या उजेडाने स्वप्न पाहणारा जागा होतो. पिंजऱ्यात शिंपीण नव्हती. तिच्या बोटातली शिवणाची टोपी क्षणभर घरंगळली, मग तीही विरली.

६ मार्च
माझा प्रश्न आता न्यायालयाचा नियम झाला आहे. निघताना म्हातारे वकील म्हणाले, साहेब, एकदा घरीही विचारून बघा. काय खवचट माणूस! बायकोला सांगितलं. ती हसली, मग हसता हसता थांबली. म्हणाली, अहो, गाद्यांच्या वळकट्या आपण अजून सोडल्याच नाहीत.

७ मार्च
ठमीला म्हटलं, जांभई देऊन दाखव. तिने आ करून दात दाखवले. तिला खेळ वाटला. दूधवाल्याला विचारलं. म्हणाला, इथली हवाच अशी, कुणाला झोप लागत नाही.
मला आठवत नाही, मी शेवटचा कधी —

८ मार्च
खटला आमच्याच गावाचा निघाला. पिंजऱ्यात मी. म्हातारे वकील आमच्यासाठी घसा फोडून भांडले. न्यायाधीशांनी माझंच भाषण मला वाचून दाखवलं. शब्द न् शब्द. वर म्हणाले, गावातलं एक जरी माणूस झोपलं, तरी हे जग राहील. दुपार टळेपर्यंत मुदत; मग पट्टेवाला घरी येऊन पडदा सारणार.

८ मार्च, दुपार
ठमी मांडीवर. बायको थोपटते आहे. मी गोष्ट सांगतोय, एका हाताने लिहितोय. बायको म्हणते, आवाज चढवू नका. जन्मभर माणसं जागी केली मी. झोपवायचं कसं —
ठमीच्या पापण्या जड — नाही, उघडल्या. विचारते, बाबा, रडता का —
दारात वहाणांचा आवाज. पट्टेवाला.
ठमीने आ केला. दात नाही दाखवले. डोळ्यांत पाणी आलंय — ही खरी — जांभई — अहो थांबा, निळ्या पडद्याला हात लावू नका, ती झोप