रुपया पोचला, आभारी आहे

श्री. जावईबापू यांस,

सप्रेम नमस्कार. तुमची आणि बेबीची तब्येत उत्तम असेल, अशी आशा करतो. (तुमची तर उत्तमच आहे. परवा दारामागून ऐकू आलेला खोकला चांगल्या ठणठणीत माणसाचा होता. त्याविषयी पुढे येईलच.) इकडे आईचे गुडघे होते तसेच आहेत आणि माझा रक्तदाब कुठवर चढलाय ते डॉक्टरांनी मला सांगितलेलं नाही, बायकोला बाहेर बोलावून सांगितलं. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की मेहुण्यानं जावयाशी चढ्या आवाजात बोलायचं नाही असा आईचा सक्त हुकूम आहे, आणि आवाज न चढवता तुमच्याशी बोलणं मला या जन्मी जमेल असं वाटत नाही. कागदाला आवाज नसतो, म्हणून कागद.

आता मुद्द्याचं. आमच्या खुर्च्या-बाकं मढवायच्या कारखान्यात माणसं नावानं चालत नाहीत, धंद्यानं चालतात, हे तुम्हाला माहीत आहे. फोनमध्येसुद्धा खिळेवाले, स्पंजवाले, टेम्पोवाले अशीच यादी आहे. ही पद्धत वडिलांपासूनची, आणि वडिलांच्या काळी ती चालली, कारण तेव्हा माणूस एकदा खिळे विकायला लागला की मरेपर्यंत खिळेच विकायचा. तुमच्यासारखा दर चार महिन्यांनी नवा धंदा काढणारा जावई घरात येईल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. तुम्ही कापडाच्या धंद्यात होता तेव्हा मी तुम्हाला 'कापडवाले' म्हणून यादीत घातलं. नंतर तुम्ही कापड सोडलं, शोभेचे मासे विकायला लागलात, मासे मेले, मग छत्र्या दुरुस्त करायला लागलात, आणि आता काय करता ते बेबीलाही नीट सांगता येत नाही. यादीत मात्र तुम्ही कापडवालेच राहिलात. खऱ्या कापडवाल्या व्यापाऱ्यांना मला 'कापडवाले नवे' म्हणावं लागलं. (तुमच्याकडून कापड आम्ही एकदाच घेतलं होतं. दातांच्या डॉक्टरांकडच्या बाकांना ते हिरवं कापड लावलं आणि महिनाभर त्यांचे पेशंट हिरवी पाठ घेऊन घरी गेले. त्यावरून आपलं जे वाजलं, तेव्हापासून वर्षभर आपण बोललो नाही. ते चांगलंच चाललं होतं.)

तर मोठ्या सभागृहाच्या खुर्च्या मढवायचं काम मिळालं. आयुष्यात पहिल्यांदा एवढं मोठं काम. सगळ्या खुर्च्या कारखान्यात आणल्या, जुनं कापड ओरबाडून काढलं, आणि व्यापाऱ्याला कापडाचे पैसे पाठवायला बसलो. मी सावध माणूस आहे. आधी एक रुपया पाठवतो, पोचल्याची खात्री करतो आणि मगच बाकीची रक्कम सोडतो. त्याप्रमाणे 'कापडवाले' दाबलं (चष्मा आईच्या नाकावर होता, ती पोथी वाचत नव्हती, विजेचं बिल वाचत होती, म्हणून मागायची हिंमत झाली नाही), रुपया सोडला आणि खाली लिहिलं, रुपया पोचला का? लगेच तुमचं उत्तर आलं. पोचला, आभारी आहे, बरं वाटलं.

जावईबापू, मी तुम्हाला हात जोडून विचारतो, ही काय रीत झाली? वर्षभर न बोलणाऱ्या मेहुण्याकडून अचानक एक रुपया येतो. कोणताही शहाणा माणूस विचारील, की बाबा, हा कसला? निदान फोन करील. तुम्ही आभार मानून मोकळे! आणि वर बरं वाटलं! एका रुपयात ज्याला बरं वाटतं, त्याच्या पुढ्यात मी सगळ्या खुर्च्यांच्या कापडाचे पैसे नेऊन ओतले. बायकोच्या पाटल्या सोडवायला बाजूला ठेवलेले पैसेसुद्धा त्यातच होते.

तुमच्या खात्यात पैसे पडले आणि बँकेनं ते जागच्या जागी गिळले, कारण माशांच्या दुकानासाठी काढलेलं कर्ज थकलेलं होतं. माझ्या बँकेत गेलो. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पैसे बिनचूक गेलेत, तुम्ही ज्यांना पाठवले त्यांनाच गेलेत, तक्रार कसली? तुमच्या बँकेत गेलो. तिथले साहेब सारखे पेपरमिंट चघळतात आणि गिऱ्हाइकाला एकही देत नाहीत. त्यांनी पडद्यावर तुमचं खातं बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की घरात पाळणा हलला असावा. म्हणाले, फार दिवसांनी या खात्यात काही आलं हो! मी म्हटलं, ते माझं आहे. ते म्हणाले, आमच्याकडे आलं की आमचं. मी टेबलावर हात आपटला, त्यांच्या पेपरमिंटच्या गोळ्या जमिनीवर सांडल्या, आणि त्या वेचायला मलाच वाकावं लागलं, कारण शिपाई रजेवर होता. वेचून दिल्यावर जरा विरघळले. खातेदारानं लिहून दिलं, की या रकमेवर माझा हक्क नाही, ती चुकून आली, तर वर विचारून बघतो म्हणाले. तोपर्यंत वसुली ती वसुली. परत एकही गोळी देऊ केली नाही.

म्हणजे सगळं अडलं तुमच्या सहीवर. आणि आता तुमचा फोन बंद! वसुलीवाल्यांच्या धास्तीनं बंद ठेवता म्हणे. परवा तुमच्या घरी आलो. दारात तुमच्या चपला, खुंटीला तुमचा शर्ट, टेबलावर वाफ निघणारा चहा, आणि बेबी मला सांगते, हे बाहेरगावी गेलेत. इतक्यात आतल्या दारामागून खोकला. मी बेबीकडे बघितलं, तिनं छताकडे बघितलं. बहिणीला खोटं बोलायला लावता, लाज वाटत नाही? लहानपणी माझ्या खिशातले पेरू चोरून खायची, पण विचारलं की खरं सांगायची. मी तुमचा चहा पिऊन टाकला आणि निघालो. साखर जास्त होती.

इकडे कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही. सोललेल्या खुर्च्या आढ्याला टेकल्यात, उघड्या स्पंजात मांजर व्यालं आहे, चारही कारागीर मांजराला दूध पाजत बसलेत आणि त्यांचा पगार चालू आहे. गुरुवारपर्यंत कापड लावायला सुरुवात झाली नाही, तर सभागृहवाले खुर्च्या उचलून दुसऱ्याला देणार आणि माझी अनामत जप्त करणार. मग कारखान्याला कुलूप. तुमच्या धंद्यांना कुलपं लागतात त्याची तुम्हाला सवय झाली असेल, आम्हाला नाही. तेव्हा सोबतच्या अर्जावर जिथे फुली मारली आहे तिथे सही करा आणि ताबडतोब पाठवा. यात टाळाटाळ झाली, तर आईचा हुकूम मोडून मी तुमच्या दारात उभा राहीन आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलेन.

बेबीस आशीर्वाद.

तुमचा (नाइलाजानं)
मेहुणा

ता. क. : आईनं पत्र वाचलं. तिनं तीन शब्द खोडायला लावले. ते तुम्हाला लागू होते.

आणखी ता. क. : सहीचं राहू द्या, ती पुढेमागे होईल. आज 'कापडवाले नवे' यांच्याकडे उधारी मागायला गेलो होतो. त्यांनी साफ नकार दिला. मी रागाच्या भरात सगळी हकिकत सांगितली, तर ते उठून उभे राहिले. म्हणाले, ते तुमचे जावई? कापडाचा धंदा बुडाला की बाकीचे देणं बुडवून पळतात. त्यांनी मात्र नवं दुकान टाकायला काढलेल्या कर्जातून आधी माझी पै न पै चुकती केली, मग उरलेल्यात मासे आणले. ते येऊन नुसता शब्द देतील, तर लागेल तेवढं कापड उधार घेऊन जा. जावईबापू, माझ्या शब्दावर वारभर कापड मिळत नाही आणि तुमच्या शब्दावर अख्खं सभागृह! रागानं माझं डोकं अजून तापलेलं आहे. तरी बुधवारी सकाळी माझ्याबरोबर चला. चपला घालून, पुढच्या दारानं या.

शेवटचं : बेबीचा आत्ताच फोन आला. तो रुपया आला त्या संध्याकाळी तुम्ही तिला माझा निरोप दोनदा वाचून दाखवलात आणि म्हणालात म्हणे, की बघ, मेहुण्यानं आठवण काढली, बोलणं सुरू करायची त्याची ही रीत असेल. बुधवारी जरा लवकरच या, चहा इथेच घ्या.