एका मताचे बालंट

इंडियानापोलिस, १२ मार्च १८७७

सौ. परमीलिया हिस,

मी मत विकल्यामुळे आपल्या पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टिल्डन एका मताने हरले, हे माझ्या भावाचे, एमोसचे, कथन धादांत खोटे आहे. "आमच्या एझ्राने बाटलीपायी बुडवलं हो!" असे चर्चच्या पायऱ्यांवर ओरडणाऱ्या त्या मूर्खाला एवढेही कळत नाही की, जनतेने नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष नव्हे, तर त्याला मत देणारे माझ्यासारखे निर्वाचक निवडले. मी टिल्डन यांनाच मत दिले. निर्वाचकांची वादग्रस्त वीस मते संसदेने नेमलेल्या आयोगाने प्रतिपक्षाला दिली. त्यांत आपल्या राज्याचे एकही नव्हते.

रविवारी चर्च सभासदांच्या यादीतून माझे नाव वगळणार आहे. त्याआधी पाद्रींना हे वाचून दाखव. तुझा खोकला कसा आहे? मला झोप लागते, बहुतेक.

तुझा पती,
एझ्रा

तारखा चुकवू नकोस :
जनतेचे मतदान, ७ नोव्हेंबर.
आम्हा निर्वाचकांचे, ६ डिसेंबर.
निकाल, २ मार्च.
एमोस माझा भाऊ होता, तो कालपर्यंत.