गोदूला लांबून ऐकू येतं

१२ जुलै १९८८
गोदू आजही आली नाही! चौथीत इतकी हुशार पोर दुसरी नाही, आणि तिलाच शाळा नको. परवा खोदून विचारलं तर म्हणाली, "चंद्राच्या घोळक्यात मला भोंगा म्हनतात. बहिरी म्हनतात. मी मोठ्यानं बोलते म्हनून." तो घोळका पार पटांगणाच्या टोकाला, नळाजवळ. तिथलं हिला वर्गाच्या दारात कसं ऐकू येणार? मनाचे खेळ, म्हणून मी मोकळी झाले. चंद्राला विचारलं, तर ती त्या गावचीच नाही!

१४ जुलै
गोदूच्या घरी गेले. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्याला लागून एक खोली. आई ठमाबाई कारखान्यातच सुताच्या कांड्या भरते. खडखडाट असा की माझं मलाच ऐकू येईना. घसा फोडून ओरडले, तर ती हसली.
"बाई, वरडू नका. निसते व्हट हलवा, कळतं."
ओठ वाचतात सगळे! गोदूही रांगत होती तेव्हापासून तेच बघत आलीय. म्हणजे पोरगी खरं सांगत होती, आणि मी तिला मनाचे खेळ ऐकवले. शरमच वाटली.
ठमाबाईने निकालही देऊन टाकला. "रोज रडत येते. गनपतीपर्यंत बघते, मंग कांडीवर बसवते." नऊ वर्षांची पोर!

१५ जुलै
गोदू आली. मी वर्गात भाषण ठोकलं — मिळून मिसळून राहावं वगैरे. पोरांनी छान माना डोलवल्या. पालथ्या घड्यावर पाणी. मधल्या सुट्टीत गोदू आणखीच कोपऱ्यात.

१९ जुलै
भाषणं बंद, खेळ सुरू!
गोदूला नळापाशी उभं केलं, बाकी वर्ग व्हरांड्यात. आवाज न काढता बोलायचं, तिने तिकडून ओळखायचं. नवशा म्हणाला, "मला भूक लागली." गोदूने बरोब्बर ओरडून सांगितलं. सफिया म्हणाली, "माझी पेन्सिल कोनी घेतली?" तेही बरोब्बर. पोरं नाचायलाच लागली. मग मलाही चेव आला. मी ओठांनीच म्हणाले, "हेडसर दुपारी घोरतात." गोदूने ते आपल्या खणखणीत लूमवाल्या आवाजात सगळ्या शाळेला ऐकवलं.
हेडसर माझ्या मागेच उभे होते.
"घोरत नाही, बाई. विचार करतो," म्हणाले आणि गेले. मी अजून हसतेय.

२१ जुलै
सगळ्यांना शिकायचंय. गोदू मास्तरीण, आणि तिच्या वर्गात मी ढ.

२८ जुलै
चंद्रा काही कमी नाही! आता बोलताना तोंडावर हात धरते, घोळक्यालाही धरायला लावते. गोदूला शब्द दिसत नाहीत, पण नजर कुणाकडे वळते ते दिसतंच की. आज तिचा चेहरा असा पडला की वाटलं, ही उद्या येत नाही.
मी तरातरा निघाले होते, तेवढ्यात त्याच घोळक्यातल्या अतियाने आपला हात खाली घेतला. मोठ्याने म्हणाली, "मी न्हाय धरत. लपवून बोलायचं ते मला बोलायचंच न्हाय." आणि डबा घेऊन सरळ गोदूशेजारी जाऊन बसली. चंद्रा लाल झाली. जरा वेळाने आणखी दोघी उठून आल्या.
एवढीशी पोर, पण काय हिंमत! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. घरी येऊन ह्यांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा "हं" मिळाला.

२० सप्टेंबर
गणपतीची सुट्टी संपली. गोदू हजर! ठमाबाई स्वतः फाटकापर्यंत आली. रस्त्यापलीकडे गेली, वळली आणि माझ्याकडे बघून ओठ हलवले. आणि मला वाचता आले! "ऱ्हाऊ दे शाळंत."

२३ सप्टेंबर
चंद्राचे वडील फाटकाशी आले होते. तिच्या खांद्यावर हात ठेवून, हसत हसत, हळू आवाजात बराच वेळ बोलत होते. मला वाटलं, काय लाड चाललेत!
गोदू माझ्याजवळ वह्या गोळा करत होती. तिने तिकडे पाहिलं, वह्या खाली ठेवल्या, पटांगण ओलांडून गेली आणि चंद्राचा हात धरून उभी राहिली. वडील निघून गेले तरी सोडला नाही. तेव्हा कुठे मला दिसलं, चंद्रा रडत होती.
नंतर विचारलं, "काय म्हणत होते गं?"
"ते न्हाय सांगनार, बाई. चंद्रा आजपासून माझ्या बाकावर बसंल."