झरेश्वराची पायरी

मार्गशीर्ष वद्य ९, शके १८०२

आज कळलं! लग्नाला सात महिने झाले आणि आज कळलं! बाबांना ठाऊक होतं का? असलं तर त्यांना काय म्हणू मी? ठाण्याला टेंभी नाक्याजवळ शाळा चालवतात, लोकांच्या पोरांना शहाणपण शिकवतात, आणि पोटची पोर इथे दिली — "पाटलाचं घर आहे, जावई कल्याणच्या कचेरीत कारकून आहे, आणखी काय हवं?"

सगळं नीट लिहून ठेवते, नाहीतर डोकं फुटेल. गावच्या झरेश्वराच्या देवळाला शिखर नाही. गाभारा खोल, पायऱ्या उतरून जायचा; वर उघडं आभाळ, पावसाळ्यात पिंडीवर धो धो पाणी. पांडवांनी म्हणे एका रात्रीत देऊळ बांधायला घेतलं, उजाडायच्या आत पुरं करायचं असा पण. शिखर तेवढं राहिलं होतं. तेवढ्यात आमच्या घरातली (यांच्या घरातली, माझ्या नव्हे!) कुणी सून भल्या अंधारातच जात्यावर बसली. घरघर ऐकून पांडवांना वाटलं, उजाडलं. हातातले दगड टाकून निघून गेले. म्हणून या घरात सूर्य वर आल्याशिवाय दळत नाहीत. आणि मला वाटत होतं, सासूबाई मायाळू आहेत, सुनेला झोपू देतात! कपाळ माझं!

इथवर ठीक होतं. पण महाशिवरात्रीला या घरच्या सुनेनं गाभाऱ्याच्या वरच्या पायरीवर उभं राहायचं. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत, देवाकडे पाठ करून. पाण्याचा थेंब नाही. दर्शनाला येणारा प्रत्येक माणूस तिला विचारणार, "दळलंस का गं?" तिनं म्हणायचं, "दळलं. चुकलं." न विचारता खाली उतरलं तर दर्शन फळत नाही. मोहन्याहून माणसं येतात, आंबिवलीहून येतात. पोरंसोरंसुद्धा विचारतात.

सासूबाई एकतीस वर्षं उभ्या राहिल्या. आता गुडघे गेले. "यंदा तू, मालन," म्हणाल्या. आज आमटी तू कर म्हणावं, तशा सुरात!

मार्गशीर्ष वद्य १०

जेवले नाही. कुणी विचारलंही नाही.

पौष शुद्ध १

यांना विचारलं. म्हणाले, "त्यात रडण्यासारखं काय? एक दिवसाचा तर प्रश्न. आईनं केलं, आजीनं केलं." मी म्हटलं, मग एकदा तुम्ही उभे राहा! तर हसले. हसले! वर म्हणाले, "अगं, पुरुष कधी दळतो का?"

मामंजींचं आणखी निराळंच. ओटीवरून मोठ्यानं बोलत होते, मला ऐकू जावं म्हणून. "आपल्या घराचा मान आहे तो. आपल्या सुनेला विचारल्याशिवाय पंचक्रोशीत कुणाला देव भेटत नाही." मान! मान यांचा आणि तोंड माझं.

पौष शुद्ध ५

सासूबाईंच्या पायांना तेल चोळताना विचारलं, ती सून इतक्या अंधारात दळत का होती? म्हणाल्या, "कुणास ठाऊक. पोरं भुकेली असतील." मग म्हणाल्या, "पहिल्या वर्षी मी बारा वर्षांची होते. चुकलं म्हणता म्हणता दुपारी जीभ कोरडी पडली, शब्दच उमटेना. लोक थांबून राहिले, पुढे जाईनात. सासूनं मागून चिमटा काढला."

मला वाटलं, आता म्हणतील — तुला नाही गं जाऊ देणार. तसं काही म्हणाल्या नाहीत. "गूळ खाऊन निघ. पोटाला आधार राहतो," एवढंच.

पौष शुद्ध १२

बायजा भात सडायला आली होती. देवळाच्या मागे तळ्याच्या बांधावर तिची झोपडी. नवरा मिठागरात कामावर असताना वारला, चार वर्षं झाली. कोंबड्या पाळते, अंडी कल्याणला नेऊन विकते. आमच्या घरी माळकरी मामंजी, त्यामुळे अंडी दारातही आणायची नाहीत, पण भात सडायला मात्र बायजाच लागते.

माझे डोळे पाहून म्हणाली, "नको रडूस वयनी. मी वाटंला उभी राहून लोकांना सांगन, पटापट चला, पोरीला उन्हात ठेवू नका." या गावात मला कुणी 'पोरगी' म्हटलं ते आज पहिल्यांदा. आई गेल्यापासून पहिल्यांदा, खरं तर.

पौष वद्य ३

यांना कचेरीतून काम लागलं आहे. सरकार जिल्ह्याचं मोठं पुस्तक छापणार, त्यासाठी गावोगावच्या देवळांची माहिती हवी. देऊळ कुणी बांधलं, किती जुनं, दंतकथा काय, यात्रा केव्हा. आपल्या गावचं म्हणून यांच्या गळ्यात पडलं. स्वारीचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग! शिरस्तेदारांनी मागेच ताकीद दिली आहे. म्हणून आज दुपारी माझ्यापुढे कच्चा कागद टाकला. "तुझं अक्षर वळणदार आहे. नीट उतरवून ठेव. कुणाला सांगू नकोस."

सांगते कुणाला! इथे बायकोला लिहिता येतं हे चोरीच्या मालासारखं लपवायचं असतं.

पौष वद्य ४

कच्च्या कागदावर यांनी एका ओळीत उरकलं आहे — 'पाटलाचे घरची सून दळू लागल्यामुळे शिखर राहिले.' झालं! हे छापणार. विलायतेतसुद्धा वाचणार.

आईच्या माहेराजवळ डोंगरात लेणी आहेत. तीही पांडवांनी एका रात्रीत कोरली, तीही अर्धवट राहिली. पण तिथे कोंबडा आरवला होता! लहानपणी दहादा ऐकलं आहे. पांडव तेच, रात्र तीच. तिथे कोंबडा, इथे बाई. कोंबड्याला कुणी उन्हात उभं करत नाही.

लेखणी हातात धरून किती वेळ बसले कोण जाणे. मग लिहिलं — 'शिखराचे काम चालले असता कोंबडा आरवला, सबब पांडव उजाडले असे समजून निघून गेले.'

अक्षर सुंदर आलं.

पौष वद्य ५

यांनी कागद घेतला, पहिली ओळ वाचली, "वा!" म्हणाले, सही ठोकली आणि गाडी गाठायला पळाले. पुढचं वाचलंच नाही!

माघ शुद्ध ८

आज साहेब देऊळ पाहायला आला. मामलेदार, शिरस्तेदार, सगळं लटांबर. आम्ही बायका देवळाशेजारी चिंचेखाली. शिरस्तेदारांनी कागद मोठ्यानं वाचला. 'कोंबडा आरवला' येताच काळुराम गुरव पुढे आला. "रावसाहेब, कोंबडा नव्हं! जातं! जातं व्हतं!"

शिरस्तेदार म्हणाले, "खाली सही तुमच्याच पाटलाच्या मुलाची आहे. पाटील, मुलानं सरकारला खोटं लिहून दिलं काय?"

मामंजी गोरेमोरे झाले. मुलाकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाले, "कोंबडाच. आमचे वाडवडील कोंबडाच सांगत. जात्याचं मागाहून कुणीतरी घुसडलं."

एका दमात! एकतीस वर्षं बायको उन्हात उभी, आणि मुलाची नोकरी वाचवायला एक वाक्य पुरलं! मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला.

घरी आल्यावर हे दात-ओठ खात आले. "काय केलंस हे?" मी म्हटलं, जा, सांगा कचेरीत बायकोनं लिहिलं म्हणून. तर बसले खाली मट्‌कन!

माघ शुद्ध ९

सकाळी, अजून सूर्य वर यायचा होता, सासूबाई जात्याशी जाऊन बसल्या. खुंट्याला हात लावून नुसत्या बसल्या. मग उजाडल्यावर दोघींनी मिळून दळलं.

मी सुटले. सुटले!

माघ वद्य २

आनंद फार दिवस टिकला नाही, याचं मला नवल का वाटावं?

काल पंच देवळात बसले. काळुराम म्हणतो, पायरी मोकळी ठेवता येत नाही. कुणाला विचारायचंच नाही तर दर्शन फळायचं कसं? बरं, कोंबडा तर कोंबडा. पण तो होता कुणाचा? देवळात ऐकू गेला म्हणजे जवळचाच. देवळाच्या मागे घर कुणाचं? कोंबड्या कोण पाळतं?

मामंजींनी मान डोलावली. आज ओटीवर सुपारी कातरत सांगत होते. आवाजात केवढी सुटका!

कोंबडा लिहिताना मला वाटलं होतं, कोंबडा कुणाचाच नसतो. शिकलेली ना मी! गावात राहून एवढं कळलं नाही.

माघ वद्य ३

बायजा आली होती. रडली नाही. म्हणाली, "सरकारच्या कागदात निंगालंय, तं खरं आसंल. माझ्या सासूला कवा म्हायती नव्हतं." कागदात निघालंय! माझ्याच अक्षरात निघालंय, बायजा! हे मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, "ताक घेशील?"

माघ वद्य ५

उद्या सांगते. मामंजींपुढे जाऊन सरळ सांगते, लिहिलं ते मी. होऊ दे काय व्हायचं ते.

माघ वद्य ६

ओटीच्या दारापर्यंत गेले. यांची नोकरी जाईल. मला ठाण्याला धाडतील, नाहीतर पायरीवर तरी नक्कीच. पाणी तापवायचं राहिलंय म्हणून परत फिरले.

माघ वद्य ९

सासूबाईंना सांगितलं. कुणाला तरी सांगायला हवंच होतं. तेल चोळतानाच सांगितलं. पाय मागे घेतला नाही त्यांनी. म्हणाल्या, "आता गप्प राहा."

मी म्हटलं, पण बायजा...

"मी एकतीस वर्षं उभी होते. कोण बोललं?"

माघ वद्य १३

नाही सांगितलं.

माघ वद्य १४

बायजा उभी होती. अनवाणी, देवाकडे पाठ. लोक विचारत होते, "आरवला का गं?" "आरवला. चुकलं." आवाज बसला होता. मी पायरीपाशी आले. मला पाहून ओळखीचं हसली. मी थांबले. रांग खोळंबली. सासूबाईंनी मागून पाठीत बोट खुपसलं.

मी विचारलं.