मिसळलेली पावडर

प्रिय ग्रेडी,

तू फोन उचलत नाहीस याबद्दल तक्रार नाही. फोनवर मी दोन वाक्यांतच बाबांची बाजू घ्यायला लागले असते आणि तू "बरं मार्ना, ठेवतो" म्हणाला असतास. पत्रात निदान स्वतःला थांबवता येतं.

इकडे खिंडीत बर्फ पडलंय. एल्क हरणांचा मोसम तोंडावर आलाय आणि बाबा यंदा शिकारीला जाणार नाहीत.

गेल्या शनिवारी मी त्यांना नेमबाजी क्लबच्या मैदानावर घेऊन गेले. गाडी हल्ली मीच चालवते. ड्वेनकाकाही होते. काडतुसं अर्थातच बाबांनी घरी भरलेली. पहिल्याच गोळीचा आवाज नेहमीपेक्षा कडक आला आणि रायफलचा बोल्ट उघडेना. बाबा तळहातानं ठोकायला लागले. एरवी सतत खिदळणारे ड्वेनकाका केवढ्यानं ओरडले, "ऑर्व्हिल, हात काढ! दुसरी मारलीस तर तुझं थोबाड शोधायला मला पलीकडच्या डोंगरात जावं लागेल."

घरी आल्यावर मी, ज्या डब्यातून ती काडतुसं भरली होती, त्यातली थोडी बंदुकीची पावडर पांढऱ्या ताटलीत ओतली. बारीक काड्यांसारखे दाणे, आणि त्यांत खसखशीसारखे गोल. एक पावडर सावकाश जळणारी, दुसरी झपाट्यानं. काम संपल्यावर मापात उरलेली पावडर बाबांनी भलत्याच डब्यात परत ओतली होती. "टेबलावर एका वेळी एकच डबा" हे ज्यांनी आपल्याकडून जेवणाआधीच्या प्रार्थनेसारखं पाठ करून घेतलं, त्यांनी. ते ताटलीवर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तुला काय दिसतंय गं?" तेव्हा कळलं, त्यांना फरक दिसतच नव्हता. हे आधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं का? बहुतेक हवं होतं. मध्यंतरी त्यांनी कॉफीत मीठ घातलं, तेव्हा मी नुसती हसले होते.

त्यांचं ते एकसारखेपणाचं वेड तुला मी काय सांगायचं! काडतुसांच्या पितळी पुंगळ्या वजनानं निवडायच्या, सगळ्या एका लांबीच्या करायच्या, पावडर दाण्यादाण्यानं तोलायची. आई जेवायला हाका मारून थकायची. "ऑर्व्हिल, त्या पुंगळ्यांना कुरवाळतोस त्याच्या निम्मं पोरांना कुरवाळ की!" आणि बाबा मान वर न करता, "पोरं कुठं एकसारखी निघतात, बाई?" आपण दोघं खो खो हसायचो. परवा ते आठवलं आणि हसू आलं नाही.

क्लबच्या उन्हाळी स्पर्धेत तू पहिल्यांदा सगळी काडतुसं एकट्यानं भरून आणली होतीस. तुझ्या निशाणाचा कागद त्यांनी चारचौघांत उंच धरला. "बघा रे, पोरानं चाळणी केली! याची काडतुसं म्हणजे लॉटरी!" सगळे हसले, तूही हसलास. उरलेली काडतुसं त्यांच्यापुढे ठेवलीस आणि पुन्हा कधी त्या टेबलाशी बसला नाहीस. पुढे तू बिलिंग्जला गेलास, नाताळला येणंही थांबलं. आम्ही लोकांना सांगत राहिलो की तुझं काम दूर असतं.

त्या ताटलीसमोर बसूनच बाबा बोलायला लागले. मी काही विचारलं नव्हतं. "त्या स्पर्धेच्या दिवशी वारा होता, मार्ना. खिंडीतून झोत येत होते. मी वारा हिशेबात धरलाच नाही." नंतर एकदा वारा पडलेला असताना ते एकटेच मैदानावर गेले आणि तुझी उरलेली काडतुसं झाडून पाहिली. सगळी भोकं एका नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. "माझ्याहून चांगली भरली होती पोरानं," म्हणाले. मग सांगितलं का नाही, मी विचारलं. "सांगणार होतो. आधी तो रागावला होता, मग मी रागावलो." तो कागद कुठं आहे? "लाकडाच्या स्टोव्हमध्ये जाळला."

यातून तुझं काही भरून निघतं असं मला वाटत नाही, आणि निघायला हवं असंही मी तुला सांगणार नाही.

ती भरलेली काडतुसं ड्वेनकाका मोडायला घेऊन गेले. काल बाबांनी काडतुसं भरायचा प्रेस, तराजू, डबे, सगळं कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "ही ग्रेडीला पाठव. तो शेजारी बसला तर भरेन, नाहीतर नाही." तो येईलच असं नाही, मी म्हटलं. "ठाऊक आहे. तरी पाठव." दुसरी किल्ली नाही. तो कागद उरला असता तर मी तुला तोच पाठवला असता. तो नाही, म्हणून या पाकिटात किल्ली आहे.

तू आलास न आलास तरी तुझीच,
मार्ना