काटा तळाशी आहे

५ तारीख
डॉक्टर म्हणतात, चिमीचं बाळंतपण पंधरा तारखेपासून पुढे केव्हाही. जावई बोटीवर, तेव्हा लेकीला हॉस्पिटलात नेणं बापाकडे. मध्ये घाट. गाडी तयार पाहिजे, आणि गाडी तयारच आहे. फक्त चढावर टेंपरेचरचा काटा लाल रेघेला जाऊन टेकतो. इंजिन ठणठणीत आहे, सेन्सर खोटं बोलतोय. मला आवाजावरून कळतं.
ही म्हणाली, गॅरेजमध्ये दाखवा. अंगठ्याएवढ्या वस्तूसाठी गॅरेज? मी स्वतः बदलणार. ठरलं.

८ तारीख
सेन्सर आणला. दुकानदाराने विचारलं, सेन्सरच गेलाय की पाणी कमी पडतंय? लोकांना दुसऱ्याच्या बॉनेटमध्ये नाक खुपसायची फार हौस.
गाडीखाली रोज ओलं असतं, असं हिचं म्हणणं. म्हटलं, एसीचं पाणी. एसीचं पाणी इंजिनच्या कूलंटसारखं हिरवं असतं का, हा तिचा पुढचा प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं.

१० तारीख, दुपार
इंजिन गार होऊ द्या, असं दुरुस्तीच्या व्हिडिओत तीनदा सांगतात. मी चहा होईपर्यंत थांबलो. सेन्सर सुटला तसं उकळतं पाणी मनगटावर. फोड आले. हिने बर्फ लावला.
नवा सेन्सर बसला. वायरची पिन लावताना तिची कडी कट्कन तुटली. ती शोभेचीच असते. पिन नुसती टेकवली. सांडलेल्या पाण्याच्या जागी तांब्याभर नळाचं ओतलं.

संध्याकाळ
विजय! गल्लीला चकरा मारल्या, काटा तळाशी. हलला नाही. पंखा मात्र गाडी चालू केल्यापासून अखंड फिरतोय, नवा सेन्सर कामसू दिसतो. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला आहे. सफरचंदावरचं स्टिकर त्याच्यावर बरोब्बर बसलं.
चिमीने विचारलं, बाबा, काटा वर सरकतच नाही का? म्हटलं, याला स्थैर्य म्हणतात.

१३ तारीख
चिमीचं तोंड उतरलंय. गॅरेजवाल्याला नुसतं एकदा बोलवू या का, असं हळूच म्हणाली. मी भडकलो. मग फार वाईट वाटलं. तिची सायकल मीच दुरुस्त करायचो, ब्रेकचा तो एक प्रसंग सोडला तर. तेव्हा ती मला असं विचारत नसे.
उद्या घाटात ट्रायल. नक्की.

१४ तारीख
रिमझिम. ओल्या रस्त्यावरची ट्रायल शास्त्रीय ठरत नाही. उद्या.

१५ तारीख
उद्या.

१६ तारीख, पहाटे
कळा सुरू. निघतोय. काटा तळाशी आहे.

त्याच दिवशी, घाटातल्या वळणावर, गाडीत
टो-व्हॅनची वाट बघतोय. अर्ध्या चढावर बॉनेटमधून वाफ. चिमीने मागून माझा खांदा असा आवळला की ओरडणार होतो. म्हटलं, घाबरू नकोस, काटा बघ, बाहेर धुकं आहे. धुकं बॉनेटच्या आतून येत नाही, असं ही म्हणाली. तेवढ्यात इंजिन बंद.
मागून आपल्या गल्लीतला बेकरीवाला टेम्पो घेऊन डिलिव्हरीला निघाला होता. त्याने काही न विचारता पावाचे ट्रे रस्त्याच्या कडेला उतरवले. चिमी चढली, ही चढली. मला जागा नव्हती. मी ओरडून सांगितलं, मी आलोच मागून. कशात, ते कोणी विचारलं नाही.
बॉनेट उघडलं. पिन लोंबकळत होती. आत्ताच्या खड्ड्यांनी निघाली असणार. किंवा दहा तारखेच्या खड्ड्यांनी. गल्लीत खड्डे नाहीत. म्हणजे काटा बोलत होता तोवर खरं तेच बोलत होता, मी त्याचं तोंड बंद केलं.
पाऊस वाढलाय. गाडीत फोनला रेंज नाही, वरच्या वळणावर मिळते, म्हणून दर थोड्या वेळाने भिजत तिथपर्यंत जातो. चिमी कशी असेल? देवा, गाडी गेली तरी चालेल.

१७ तारीख
नात! दोघी सुखरूप. तिला माझ्याआधी बेकरीवाल्याने पाहिलं. बोटं अगदी आईसारखी आहेत म्हणे. मलाच सांगतो.
मी हॉस्पिटलात पोचलो, तर दारातच हिने माझ्या कपाळाला हात लावला आणि नर्सकडून थर्मामीटर मागवला. एकशे दोन. ताप उतरेपर्यंत बाळाच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम. काचेतून नुसतं दुपटं दिसतं.
मी म्हटलं, थर्मामीटर बिघडलाय. मला काहीसुद्धा होत नाहीये.
ही म्हणाली, मग याचीही पिन काढून बघा.
बघितलं. याला पिन नाही.